डुकराच्या मांसातली चरबी आणि जनुकं: माग कसा काढायचा

दोन डुकरं. वजन सारखं, पाठीवरच्या चरबीचा थर सारखा, खाद्य एकाच गोणीतलं. तरी शेवटच्या बरगडीपाशी आडवा काप घेतला की एकाचं मांस सलग गुलाबी निघतं आणि दुसऱ्याच्या मांसात रांगोळीच्या बारीक रेघांसारखी पांढरी जाळी दिसते. शिजवल्यावर पहिलं कोरडं पडतं, दुसरं रसाळ राहतं. हा फरक बऱ्याच अंशी जनुकांमुळे पडतो. पण नेमक्या कोणत्या जनुकामुळे, असं विचारलं की उत्तर द्यायची घाई होते.

या विषयावर प्रबंध करणाऱ्या पशुवैद्यकीय किंवा जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी मी हे लिहितोय. नर निवडताना ज्यांच्या हाती जनुक-चाचणीचा अहवाल येतो, त्या वराहपालकांनाही शेवटचा भाग उपयोगी पडेल. मांसाच्या प्रयोगशाळेत काही वर्षं घालवल्यावर माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. या विषयात बहुतेक चुका यंत्रावर होत नाहीत. त्या नमुना कापताना होतात, नाहीतर निष्कर्ष लिहिताना.

आधी कोणती चरबी ते ठरवा

डुकराच्या अंगात चरबी चार ठिकाणी साठते: पोटात मूत्रपिंडांभोवती आणि आतड्यांभोवती, कातडीखाली, दोन स्नायूंच्या मधल्या फटीत, आणि एकाच स्नायूच्या आत तंतूंच्या जुडग्यांमध्ये. आपल्याला हवी आहे ती ही चौथी. बाजारात तिला मार्बलिंग म्हणतात, मी सोयीसाठी 'मांसातली चरबी' म्हणेन. ती सगळ्यात उशिरा भरते. चार महिन्यांच्या जनावरात ती फारशी दिसली नाही म्हणून ते जनावर त्या बाबतीत कमी, असं ठरवता येत नाही.

मांसातल्या चरबीची आनुवंशिकता सरासरी ०.५ च्या आसपास आहे. म्हणजे जनावराजनावरांत जो फरक दिसतो त्यातला साधारण निम्मा वाटा रक्ताकडून येतो. कातडीखालच्या चरबीशी तिचा जनुकीय संबंध मात्र मध्यमच, ०.३ च्या घरात. हे दोन आकडे एकत्र वाचा. दोन्ही चरब्या एकाच दोरीने बांधलेल्या असत्या, तर पाठ सडपातळ आणि मांस रसाळ असं जनावर निवडून काढताच आलं नसतं. दोर सैल आहे म्हणून ते जमतं, आणि म्हणूनच मांसातल्या चरबीची जनुकं वेगळी शोधायला अर्थ आहे.

जातींमधला फरक मोठा आहे. बेल्जियमच्या पिएत्रां जातीच्या मांसात चरबी अगदी कमी, कित्येकदा २ टक्क्यांच्याही खाली. ड्युरॉक त्याहून बरीच वर. चीनच्या शानदोंग प्रांतातल्या लाइवू डुकरांत ती १० टक्क्यांच्या आसपास जाते. चव आणि मऊपणासाठी साधारण २ ते ३ टक्के पुरेशी मानतात. दुबळ्या, म्हणजे कमी चरबीच्या मांसासाठी अनेक दशकं निवड केल्यामुळे पाश्चात्त्य जाती या रेषेच्या खाली घसरल्या. या संशोधनाला जोर आला तो तिथून.

जनुकांचा नकाशा डोक्यात बसवा

नावांची यादी पाठ करू नका, कामाप्रमाणे गट पाडा. मला धान्याच्या कणगीचं उदाहरण सोयीचं वाटतं. कणगी कोण विणतं, धान्य कोण भरतं, कोण काढून नेतं, आणि किती पिकवायचं हे घरात कोण ठरवतं?

कणगी विणण्याचं काम म्हणजे चरबीपेशी तयार होणं. स्नायूतंतूंच्या मध्ये काही पूर्वज पेशी असतात. इशारा मिळाला तर त्या चरबीपेशी बनतात, एरवी तंतुमय ऊतीकडे वळतात. हा इशारा देणारा मुख्य कारभारी म्हणजे पीपीएआर-गॅमा. त्याच्या आधी सी/ईबीपी-बीटा आणि डेल्टा जागे होतात. मग पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा एकमेकांना चालू ठेवतात. या जोडीने एकदा पकड घेतली की ती पेशी सहसा मागे फिरत नाही. उलट बाजूला डीएलके१ आणि डब्ल्यूएनटी संदेशमार्ग पेशीला थोपवून धरतात.

भरणाऱ्यांत दोन टोळ्या आहेत. एलपीएल रक्तातल्या मेदकणांमधून मेदाम्लं सोडवतं, सीडी३६ ती पेशीत घेतं. दुसरी टोळी ग्लुकोजपासून नवी मेदाम्लं घडवते: एसीएसीए, एफएएसएन आणि शेवटी एससीडी, जे संपृक्त मेदाम्लात एक दुहेरी बंध घालून ओलिक आम्ल तयार करतं. डुकरात हे काम यकृतापेक्षा चरबीच्या ऊतीतच जास्त चालतं. माणसावरची किंवा कोंबडीवरची पुस्तकं वाचून आलेला विद्यार्थी इथे हमखास यकृत कापायला निघतो. मग डीजीएटी१ आणि डीजीएटी२ हे सगळं ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे साठवणीच्या चरबीच्या रूपात बांधून टाकतात आणि पेरिलिपिन त्या थेंबाभोवती कडं करतं.

काढून नेणारे पीएनपीएलए२ आणि एलआयपीई. मोकळी झालेली मेदाम्लं जाळण्यासाठी मायटोकॉन्ड्रियात न्यायला सीपीटी१बी. आणि घरात ठरवणारे मेंदूकडचे: लेप्टिन, त्याचा ग्राहक एलईपीआर, आणि भुकेवर ताबा ठेवणारं एमसी४आर.

डुकराची एक खासियत इथेच सांगतो, कारण ती मला अजूनही थक्क करते. चरबी जाळून थेट उष्णता देणारं यूसीपी१ हे जनुक डुकराच्या पूर्वजांत सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच मोडलं. थंडीच्या रात्री पिल्लं एकमेकांवर चढून झोपतात, दिव्याखाली गोळा होतात आणि तरीही काही दगावतात, त्यामागे हेही एक कारण आहे. २०१७ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी उंदराचं यूसीपी१ क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने डुकरात बसवलं. त्या पिल्लांनी थंडीत अंगाची उष्णता जास्त चांगली टिकवली आणि त्यांच्या अंगावर चरबीही कमी भरली.

जनावरं निवडणं

इथे शिस्त लागते, हुशारी नाही. तुलना करायची जनावरं एकाच लिंगाची, एकाच वयाची, एकाच खाद्यावरची घ्या. खच्ची केलेल्या नरात मादीपेक्षा चरबी जास्त भरते. दोन्ही मिसळून टाकले तर जनुकाऐवजी तुम्ही लिंगच मोजाल. खाद्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडलं तरी मांसातली चरबी वाढते, म्हणून खाद्याची गोणी बदलली तर तारखेसह नोंद करा. शक्य असेल तर एकाच वेतातली भावंडं जोडीने घ्या, एक जास्त चरबीचं आणि एक कमी चरबीचं. अशा सात-आठ जोड्या मिळाल्या, तर वेगवेगळ्या गोठ्यांतून गोळा केलेल्या पन्नास जनावरांपेक्षा त्या जास्त बोलक्या असतात.

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या, कत्तलखान्यातून नमुने घेणार असाल तरी.

नमुना कापणं

इथे थोडं थांबा, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे.

पाठीच्या कण्याला समांतर जाणारा लांब स्नायू या कामासाठी सगळीकडे वापरतात. दहाव्या बरगडीपासून शेवटच्या बरगडीपर्यंतची कोणतीही एक जागा ठरवा आणि सगळ्या जनावरांत तीच ठेवा, कारण त्याच स्नायूच्या दोन टोकांना चरबी सारखी नसते. जनावर कापल्यापासून अर्ध्या तासाच्या आत नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये गेला पाहिजे. आरएनए फार लवकर तुटतं.

आता चाकू हातात घ्या. कापाच्या कडेला कातडीखालची चरबी असते, ती कोणालाही दिसते. पण या स्नायूच्या वरच्या बाजूला, शेजारच्या छोट्या स्नायूला लागून, चरबीची एक पातळ पट्टी आत वळलेली असते. ती दुसऱ्या स्नायूची हद्द आहे, मांसातली चरबी नव्हे. ओल्या मांसात, ट्यूबलाइटच्या उजेडात ती सहज निसटते. माझ्या एका संचात बारापैकी एका नमुन्यात लेप्टिन आणि पेरिलिपिन इतरांच्या कैक पट निघालं. आम्ही तीन आठवडे त्यावर चर्चा केली, नवा मार्ग सापडला असं वाटून मार्गदर्शकांना आकृतीही काढून दाखवली. मग उरलेला तुकडा गोठवून कापला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर अर्ध्या काचेवर त्या पट्टीची चरबी होती. जनुक बिचारं आपलं काम करत होतं, आमचा चाकू चुकला होता.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी आहे. काप थंड बशीवर ठेवायचा, कडेपासून बोटभर आतली जागा घ्यायची, बारीक चिमट्याने तुकडा उलटापालटा करून दोन्ही बाजू पाहायच्या, आणि त्याच तुकड्याचे तीन भाग करायचे. एक आरएनएसाठी, एक रंगवण्यासाठी, एक चरबी मोजण्यासाठी. तिन्ही शेजारशेजारचे. पुढचे आकडे जुळले नाहीत तर परत जायला जागा उरते.

चरबी खरोखर मोजा

जनुकाच्या आधी हे. सॉक्सलेट उपकरणात पेट्रोलियम ईथरने चरबी काढायची रीत जुनी आणि खात्रीची आहे. मांस किसून, १०५ अंश सेल्सियसला वाळवून कागदी नळीत भरायचं, आणि काही तास ईथर त्यातून फिरवायचं. समजा १० ग्रॅम ताजं मांस घेतलं. रिकामा चंबू ९८.४१२ ग्रॅम होता आणि ईथर उडून गेल्यावर ९८.७०२ भरला, तर ०.२९० ग्रॅम चरबी, म्हणजे २.९ टक्के. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल २:१ घेऊन केलेली फोल्च पद्धत पेशीच्या पडद्यातले फॉस्फोलिपिडही ओढून घेते, त्यामुळे तिचा आकडा थोडा वर येतो. पद्धत कोणतीही घ्या, मध्येच बदलू नका.

रंगवायला ऑइल रेड ओ. नमुना द्रवरूप नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये गोठवा. थेट नायट्रोजनमध्ये बुडवला तर बर्फाचे स्फटिक होऊन तंतूंना भोकं पडतात आणि ती भोकं चरबीच्या पेशींसारखी दिसतात. ८ ते १० मायक्रॉनचे काप घ्या. मेणात बसवलेले काप इथे निरुपयोगी आहेत, कारण मेणासाठी वापरलेलं झायलीन सगळी चरबी धुऊन नेतं. रंग नीट बसला की तंतूंच्या जुडग्यांमध्ये लाल थेंबांच्या माळा दिसतात. तंतूंच्या आतही बारीक लाल ठिपके असतात, पण स्नायूतली बहुतेक ट्रायग्लिसराइड बाहेरच्या पेशींतच असते. टक्केवारी तीच असून एका जनावरात पेशी पुष्कळ आणि लहान, तर दुसऱ्यात थोड्या आणि टम्म फुगलेल्या असू शकतात. पहिल्यात कणगी विणणारी जनुकं शोधायची, दुसऱ्यात भरणारी. एवढ्यासाठी तरी ही काच पाहाच.

जनुकाची हालचाल मोजणं

आरएनए काढा, उरलेला डीएनए तोडणारं डीएनएज हे एन्झाइम लावा, शुद्धता पाहा. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं प्रमाण २ च्या आसपास आणि आरएनएची अखंडता १० पैकी ७ च्या वर असावी. मोजणी पीसीआरने होते. त्यात जनुकाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, दोन एक्सॉनांच्या (जनुकातल्या प्रथिन घडवणाऱ्या भागांच्या) सांध्यावर बसवा, म्हणजे उरलासुरला डीएनए मोजला जाणार नाही. त्यांची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत आली पाहिजे. प्रायमर आखायला डुकराचा जनुकसंच हाताशी आहे. २०१२ मध्ये टी. जे. टबॅस्को नावाच्या एका ड्युरॉक मादीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याची बरीच सुधारलेली आवृत्ती आली.

तुलनेसाठी जीएपीडीएच या नेहमीच्या संदर्भ जनुकावर एकट्यावर विसंबू नका. ते ग्लुकोज तोडण्याच्या साखळीतलंच एन्झाइम आहे, आणि आपण मोजतोय तो बदलही ऊर्जेचाच. दोन-तीन संदर्भ जनुकं घ्या आणि ती तुमच्या नमुन्यांत स्थिर आहेत हे आधी तपासा.

आकडेमोड सोपी आहे. सीटी म्हणजे कितव्या चक्राला चमक ठरलेली रेषा ओलांडते तो आकडा. चरबीवाल्या नमुन्यात एफएबीपी४ चा सीटी २४ आणि संदर्भाचा २०, फरक ४. दुबळ्या नमुन्यात २७ आणि २०.५, फरक ६.५. दोन्हींतला फरक २.५, म्हणून २ चा २.५ वा घात, साधारण ५.७ पट.

आता प्रबंधात काय लिहाल? 'एफएबीपी४ मांसातली चरबी वाढवतं' असं लिहिलेले कितीतरी मसुदे मी तपासले आहेत. एफएबीपी४ हे चरबीपेशीच्या आतलं वाहतूक करणारं प्रथिन. पेशी पाचपट झाल्या तर तेही पाचपट दिसणारच. ती डोकी मोजली गेली, कारण सापडलं नाही. एडिपोनेक्टिन, पेरिलिपिन आणि लेप्टिन यांचंही तेच. म्हणून माझा आग्रह असतो की लक्ष्य जनुकाचा आकडा एकदा नेहमीच्या संदर्भाने आणि एकदा एडिपोनेक्टिनसारख्या चरबीपेशीच्या खुणेने भागून पाहा. दुसऱ्या भागाकारानंतरही फरक उरला, तर पेशीमागे काहीतरी बदललंय आणि पुढे जायला हरकत नाही. फरक विरून गेला, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. तो निकालच आहे.

वय बदलून पाहणं याहून चांगलं. जन्मानंतर लगेच, दोन, चार आणि सहा महिन्यांना नमुने घेतले, तर जे जनुक चरबीच्या आधी वर जातं ते संशयित. चरबीच्या मागून वर जाणारं जनुक सोबती.

संशयितावरून कारणाकडे

यासाठी पेशी वाढवाव्या लागतात. काही दिवसांच्या पिल्लाच्या त्याच स्नायूतून कोलॅजिनेज या एन्झाइमने पेशी सुट्या करायच्या, ७० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायच्या, भांडं भरेपर्यंत वाढवायच्या. मग इन्शुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स यांचं मिश्रण द्यायचं. आठ-दहा दिवसांत पेशींत थेंब चमकू लागतात. संशयित जनुक लहान आरएनएने दाबा, एका भांड्यात निरर्थक लहान आरएनए द्या. रंगवा, रंग आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरवा आणि ५१० नॅनोमीटरच्या आसपास मोजा. जनुक दाबल्यावर रंग उतरला आणि परत दिल्यावर चढला, तरच 'वाढवतं' हे क्रियापद वापरा.

दुसरा रस्ता डीएनएकडून येतो, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर कामं त्या रस्त्यावर झाली. २००३ मध्ये स्वीडनच्या उप्सालाच्या आणि बेल्जियमच्या संशोधकांनी आयजीएफ२ या वाढीच्या जनुकाच्या तिसऱ्या इन्ट्रॉनमधलं (प्रथिन न घडवणाऱ्या भागातलं) एकच अक्षर पकडलं, ३०७२ व्या जागी जी ऐवजी ए. प्रथिनात काहीच बदल नाही, पण जन्मानंतर स्नायूत हे जनुक तिपटीने चालतं, स्नायू वाढतो, पाठीची चरबी घटते. शिवाय आयजीएफ२ ची फक्त बापाकडून आलेली प्रत चालते, आईकडची गप्प असते. तो बदललेला ए कोणाच्या हातून निसटला तेही पुढे २००९ मध्ये कळलं: झेडबीईडी६ नावाचं दाबणारं प्रथिन तिथे बसायचं, अक्षर बदलल्यावर त्याला बसता येईना. प्रथिनाबाहेरच्या, वरवर निरर्थक वाटणाऱ्या जागेत केवढी सत्ता असते ते इथे दिसलं.

स्पेनमधल्या लेइदा विद्यापीठाच्या चमूने २०१४ मध्ये ड्युरॉक डुकरांत एससीडी जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागातला एक बदल दाखवला. त्याने ओलिक आम्लाचं प्रमाण वाढतं, पण एकूण चरबी तेवढीच राहते. किती चरबी आणि कसली चरबी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. एमसी४आर मधला २९८ व्या जागेचा बदल २००० मध्ये आयोवात सापडला, तो मात्र भुकेवाटे काम करतो. जनावर जास्त खातं, लवकर वाढतं, पाठीवर चरबी चढते.

नर निवडताना

अहवाल हातात आला की आधी आरवायआर१ पाहा. याचा चरबीशी थेट संबंध नाही, पण ६१५ व्या जागी दोन्ही प्रतींत बदल असलेलं जनावर ताणाने कोसळतं आणि त्याचं मांस फिकट, मऊ, पाणी सोडणारं निघतं. मार्बलिंग कितीही छान असलं तरी ते वाया. हॅम्पशायर रक्त असेल तर पीआरकेएजी३ पाहा. त्यातल्या बदलाने स्नायूत ग्लायकोजन फार साठतं आणि मांस आंबट होऊन पाणी सोडतं.

मग आयजीएफ२. दुबळं मांस विकत असाल तर बदललेल्या प्रतीचा नर घ्या, आणि मादीच्या प्रतीची चिंता करू नका, कारण पिल्लांत चालणार ती नराचीच. मार्बलिंग हवं असेल तर मात्र हा नर घेण्यापूर्वी दोनदा विचार करा. त्याच्या पिल्लांची चरबी मोजून घ्या.

एका जनुकाच्या अहवालावर 'रसाळ मांसाचा नर' म्हणून जादा पैसे मागणारा विक्रेता भेटला तर देऊ नका. मांसातली चरबी शेकडो जनुकांच्या लहान-लहान वाट्यांनी ठरते. म्हणून मोठे पैदासकार डीएनएवरच्या ६० हजार खुणा तपासणाऱ्या चिपवरून सगळ्यांची बेरीज करतात, आणि ती बेरीजसुद्धा ज्या जातीवर शिकवली तिच्यापुरतीच भरवशाची असते. ड्युरॉकची सूत्रं गावठी डुकराला लावता येत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा आपल्याजवळचा आहे. काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावाने नोंदलेली आगोंदा गोवन ही काळी डुकराची जात आपल्या किनाऱ्यावरची. जुन्या गोव्यातली भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था तिच्यावर काम करते. गोव्याच्या चोरिसात, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजात, चरबीचे तुकडे मांसाइतकेच मोलाचे. सुकताना तेच मिरची आणि व्हिनेगरचा मसाला धरून ठेवतात. अशा जातीवर वाढीसाठी विलायती नर सोडायचा असेल, तर आधी शुद्ध जनावरांच्या स्नायूचे काप घ्या, चरबी मोजा, काच रंगवा, आणि डीएनए उणे ८० अंशांवर ठेवून द्या. एकदा संकर झाला की मूळ कणगी कशी होती हे विचारायला कोणी उरत नाही. हे काम दहा-बारा जनावरांवर, एका सॉक्सलेटवर आणि एका धारदार चाकूवर सुरू होऊ शकतं.